सुझानची ओळ

भुईगावात लग्न कोणाचंही असो, मांडवात गाणार हिल्डामावशीच. आणि हिल्डा म्हटली की तिची सख्खी बहीण सुझान आलीच. चाळीस वर्षं दोघींनी मांडव गाजवले. नवरीला निरोप द्यायच्या गाण्यात एक ओळ सुझान एकटीच म्हणायची, तेव्हा हिल्डा गप्प बसायची.

सुझान गेली. बायका म्हणाल्या, तिची ओळ आता तूच म्हण. हिल्डाने साफ नकार दिला. ती ओळ आली की ती तेवढा वेळ थांबे आणि मग पुढे जाई. त्या वेळात मांडवात कोणी हूं की चूं करत नसे. गावाने ती सुझानची जागा मानली होती.

सुझानच्या मुलाने, सॅन्टनने, २००२ साली माणिकपूरला कॉम्प्युटर घेऊन स्टुडिओ थाटला. मावशीची गाणी सीडीवर घ्यायची, हे त्याच्याच डोक्यातलं. पोरगा हाताने हुशार. मावशीचा खोकला कापायचा, मग अलीकडचा आवाज उतरवत पलीकडचा चढवायचा आणि दोन्ही टोकं एकमेकांवर सरकवायची. जोड बापजन्मात कळला नसता. हिल्डाने तोंडभरून कौतुक केलं आणि बजावलं, "खोकला काय तो काढ. पन तुझ्या आयच्या जागेला हात लावू नको."

"आईची शपथ, मावशी," सॅन्टन म्हणाला.

सीडी आली. सुनेने, प्रिस्काने, ती लावली. निरोपाचं गाणं लागलं तशी हिल्डाने मान खाली घातली, आणि गाणं न थांबता सरळ पुढे निघून गेलं. तिला वाटलं, मशीन बिघडलं. तिने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. रिक्षा करून ती तडक माणिकपूरला गेली.

"मावशी, दुकानदार म्हणाला, मध्येच बंद पडतं, लोक सीडी खराब म्हणून परत आणतील," सॅन्टन नजर चुकवत म्हणाला. "पण जोड कळतोय का सांग. कोणालाच नाही कळला."

"नाय कळला," हिल्डा म्हणाली. "तुझी आय होती की नव्हती, तेपन नाय कळत आता."

पहिलं रेकॉर्डिंग त्याने कॉम्प्युटरमधून पुसलं होतं, जागा पुरत नव्हती म्हणे. परक्याने केलं असतं तर हिल्डाने चार शिव्या घालून सोडून दिलं असतं. पण हा सुझानचा पोटचा पोर, हिल्डाच्याच मांडीवर वाढलेला! केसाने गळा कापला, असंच तिला वाटलं. त्याने पुढे केलेला चहा न घेता ती घरी आली.

सीडी मात्र घरोघर गेली. दोन वर्षांनी हिल्डाच्या नातीचं, जुलियानाचं, लग्न निघालं. आजीला साथ द्यायला गल्लीतल्या मुली हौसेने बसल्या. गाणी त्यांना तोंडपाठ होती. निरोपाचं गाणं सुरू झालं, सुझानची ओळ आली आणि हिल्डा थांबली.

मुली थांबल्या नाहीत. सीडीवर ऐकलं होतं तसंच त्या पुढची ओळ खणखणीत म्हणत गेल्या. मांडवात कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. शेजारच्या मुलीने हिल्डाला हळूच कोपराने ढोसलं आणि कानात म्हणाली, "आजी, विसरलीस का गं?"