तिसऱ्या कडव्यातली घुंगुरमाळ

चौऱ्याण्णव सालच्या सप्टेंबरात सुरतेतली आमची लिंबायतची गल्ली आठवडाभरात ओस पडली. प्लेगच्या भीतीनं लोक मिळेल त्या गाडीनं गावाकडे पळत होते. बायको दोन्ही मुलींना घेऊन अमळनेरकडे माहेरी गेली. मी थांबलो, कारण शेठनं सांगितलं होतं, खात्याची, म्हणजे साच्यांच्या शेडची, राखण करायला जो थांबेल त्याला साचे सुरू झाल्यावर आधी कामावर घेऊ. तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो आणि त्यातली वीस वर्षं पॉवरलूमच्या साच्यांपुढे उभं राहण्यात गेली होती. बंद साच्यांमध्ये दिवसभर एकट्यानं बसायची ती पहिलीच वेळ.

एके सकाळी नवागामचा एक लाऊडस्पीकरवाला सामान टेम्पोत भरताना दिसला. लग्नांत आणि जयंतीला तो पूर्वी रेकॉर्डी वाजवायचा. कॅसेट आल्यापासून त्या गोणीत पडून होत्या. मी कितीतरी वेळा मागितल्या होत्या, पण तो बघूसुद्धा द्यायचा नाही. त्या दिवशी त्यानं गोणी आपणहून माझ्या पायाशी आणून ठेवली. न्यायची तर ने, म्हणाला, नाहीतर इथंच टाकून जातो. मी तोंडाला रुमाल बांधून ती सायकलला अडकवली आणि घरी आणली. बादलीत साबणाचं पाणी केलं आणि एकेक रेकॉर्ड धुऊन दोरीखाली भिंतीला टेकवत गेलो. गोणीच्या पार तळाशी ती होती.

तिच्याबद्दल आधी सांगायला हवं. आम्ही पाच-सहाजण भीमगीतांच्या जुन्या रेकॉर्डी जमवत होतो. या गाण्यांच्या रेकॉर्डी मोजक्याच निघायच्या, वाजवून वाजवून झिजायच्या आणि मग भंगारात जायच्या. कुणी गायलं, कुणी लिहिलं, पेटी कुणाची, ढोलकी कुणाची, याची नोंद कुठल्या पुस्तकात नव्हती. म्हणून आम्ही ती ठेवायला लागलो. सुट्टीच्या दिवशी रेल्वेतून निवृत्त झालेल्या आप्पांच्या खोलीत जमायचं, रेकॉर्ड लावायची आणि ऐकलेलं वहीत लिहायचं. वही माझ्याकडे असायची. भुसावळ, नागपूर, मालेगाव, नांदेड अशा ठिकाणी आमच्यासारखेच वेडे होते. त्यांना मी पोस्टकार्ड लिहायचो, ते मला लिहायचे. दहावीपुरतं शिकलेला माणूस मी, पण या विषयात माझा शब्द मानायचे. याचा मला केवढा आनंद होता, ते आज सांगतानाही संकोच वाटतो.

ती रेकॉर्ड माझ्याकडे पूर्वी एकदा होती. सात इंची, मधला कागद निळा. दीक्षेला बैलगाडीनं निघालेल्या एका कुटुंबाचं ते गाणं. तिसऱ्या कडव्यात गाडी नदीशी थांबते. पेटी थांबते, ढोलकी थांबते आणि बैलांच्या गळ्यातली घुंगुरमाळ तेवढी हलत राहते. मग त्या नुसत्या घुंगरांवर बाई एकटी गायला लागते. गायिका कोण ते आम्हाला कधीच कळलं नाही. खोली बदलताना मी ती पत्र्याच्या माळ्यावर ठेवली आणि मे महिन्यात ती पापडासारखी वाकली. त्यानंतर नऊ वर्षं मी तिची दुसरी प्रत शोधत होतो.

हात पुसून मी ती लावली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात वाद्यं थांबली आणि काहीच आलं नाही. कोरी जागा. मग बाईचा आवाज एकदम उघड्यावर आल्यासारखा आला.

मी सुई बदलली. पुन्हा लावली. शेजारच्या बंद घरासमोर एक कुत्रं झोपलेलं होतं, एवढी सामसूम. वाद्यं थांबली आणि पुन्हा तीच कोरी जागा. त्या संध्याकाळपर्यंत मी ते गाणं वीसेक वेळा तरी वाजवलं असेल. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हे गाणं दोनदा ध्वनिमुद्रित झालं होतं. एकदा घुंगुरमाळेसकट, एकदा तिच्यावाचून, आणि ही दुसरी प्रत आजवर कुणाच्याच यादीत नव्हती.

एक गोष्ट मात्र मी बघितली होती, ती लपवणार नाही. रेकॉर्डच्या मधल्या गुळगुळीत भागात एक आकडा कोरलेला असतो. मुद्रण वेगळं असेल तर आकडा वेगळा. हे आमच्या सगळ्यांना मीच शिकवलं होतं. वहीत जुन्या प्रतीचा आकडा आप्पांच्या अक्षरात होता. मी दोन्ही ताडून पाहिले. आकडा तोच होता. आप्पांनी उतरवताना चूक केली असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि वही मिटली.

घरात एकटा, भीतीचे दिवस, कुणाशी बोलणं नाही. मी कार्डांचा गठ्ठा आणला आणि सगळ्यांना लिहिलं. नुसता शोध कळवून थांबलो नाही. बाईनं घुंगुरमाळ मुद्दाम काढायला लावली असणार, असं लिहिलं. नदीशी थांबलेल्या माणसांना मागचं काही ऐकूच येत नाही, हे तिला दाखवायचं होतं, असंही लिहिलं. उत्तरं आली. नागपूरच्या एकानं कळवलं की सुरतेचं कार्ड म्हणून बायकोनं ते दिवसभर उन्हात ठेवायला लावलं, मगच हातात दिलं, पण वाचून डोळ्यांत पाणी आलं. भुसावळचे गुरुजी आमच्यात सगळ्यांत वडील. त्यांच्या यादीवरूनच आम्ही सारे शिकलो होतो. ते यादीची छोटी पुस्तिका छापत होते. त्यांनी माझा मजकूर जसाच्या तसा तीत घेतला आणि थंडीत स्वतः ऐकायला येतो म्हणून कळवलं.

तोवर वस्ती पुन्हा भरली होती. बायको-मुली आल्या, साचे सुरू झाले. आप्पा त्यांच्या मुलाकडे नंदुरबारला होते, म्हणून त्यांच्या खोलीत जमणंही बंद होतं. ते गुरुजी यायच्या आदल्याच दिवशी परतले. त्यामुळे माझ्याशिवाय ती रेकॉर्ड कुणी नीट ऐकलेली नव्हती. बायकोच्या कानावर ती पडली असेल, पण तिला या नादाचं कौतुक नव्हतं.

गुरुजी भुसावळच्या पॅसेंजरनं आले. पांढरा सदरा, काखेत पिशवी, पिशवीत नवी पुस्तिका. जय भीम झाला, चहा झाला. त्यांनी पुस्तिकेतलं ते पान उघडून माझ्या हातात दिलं. छापलेल्या अक्षरात स्वतःचं लिहिणं मी पहिल्यांदा पाहत होतो. मग मी रेकॉर्ड लावली. गुरुजींनी डोळे मिटले. आप्पा भिंतीला टेकून बसले. बायको दाराशी साडीला टिकल्या लावत बसली होती.

तिसरं कडवं आलं. वाद्यं थांबली. मी बोट वर केलं आणि हळूच म्हणालो, "बघा, कशी कोरी ठेवलीय."

गुरुजींनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. आप्पांनी मान खाली घातली. बाई गायला लागली, गाणं संपलं. गुरुजी म्हणाले, पुन्हा लावा. मी पुन्हा लावली. या वेळी ते गाणं ऐकत नव्हते, माझं तोंड बघत होते.

"भाऊ," ते म्हणाले, "घुंगरं वाजतायत."

मी हसलो. मग आप्पांकडे पाहिलं. ते म्हणाले, वाजतायत रे. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी गुरुजींना नको ते बोललो. शोध तुमचा नाही म्हणून तुम्हाला तो खोटा पाडायचाय, असं सत्तरीच्या माणसाला तोंडावर म्हणालो. आप्पांना म्हणालो, तुम्हाला आकडा नीट उतरवता येत नाही आणि मला शिकवता. दोघांनी ऐकून घेतलं. त्यांच्या त्या गप्प राहण्यानं मला जास्तच चेव आला. मी बायकोकडे वळलो. तिला यातलं काही कळत नाही, म्हणून ती तरी खरं सांगेल, असं म्हणालो.

तिनं सुई टिकलीतच ठेवली आणि वर न बघता म्हणाली, "वाजी ऱ्हायनात."

खोलीत मुली होत्या, त्यांनाही विचारलं. धाकटी घाबरून आईजवळ सरकली. थोरलीनं हो म्हणून मान हलवली.

गुरुजी त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं परत गेले. स्टेशनवर मी पाय धरायला वाकलो तर त्यांनी धरू दिले नाहीत. ते म्हणाले की पुस्तिकेत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवू, ऐकण्यात माझीच चूक झाली असं लिहू, तुमचं नाव कशाला. गाडी सुटल्यावर ते खिडकीतून काहीतरी म्हणाले. ओठांवरून मला कळलं, जपा.

ओठांवरून कळणं हेच तर माझं झालं होतं. साच्यांच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नाही. तिथं सगळेच हातांनी आणि ओठांनी बोलतात, त्यामुळे कुणाचे कान गेले हे कुणालाच समजत नाही. घरी आल्यावर बायकोनं एकेक सांगितलं. दूधवाल्याच्या सायकलची घंटी मला ऐकू येत नव्हती. कुकरची शिटी येत नव्हती. थोरली पैंजण घालून मागून आली तर मी दचकायचो. हे तीन-चार वर्षांपासून होतं. तू सांगितलं का नाहीस, मी ओरडलो. ती म्हणाली, "माले वाटनं, तुमले माहीत शे."

सरकारी दवाखान्यात माझे कान तपासले. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे, जाड आवाजांपाशी, ती बरी चालली होती, उजवीकडे बारीक आवाजांपाशी पायरीवरून घसरावं तशी खाली गेली होती. बारीक, उंच आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत, साचे सोडले नाहीत तर बाकीचेही जातील, असं त्यांनी गुजरातीत समजावलं. मी विचारलं, काही औषध. ते नाही म्हणाले. मी बाहेर येऊन पुन्हा आत गेलो आणि तेच विचारलं. त्यांनी तेच उत्तर दिलं, फक्त जरा मोठ्यानं.

साचे कसे सोडणार. दुसरं काय येत होतं मला. कानात कापूस घालून उभा राहिलो तर धागा तुटलेला कळेना, कारण तो आम्ही आवाजातल्या फरकावरून ओळखतो. लसणाचं तेल घातलं, कुणी सांगितलं म्हणून उपवासही केले. पाळीवरून आलो की जेवणाआधी रेकॉर्डी काढून बसायचो. एकेक लावायची आणि वहीत बघायचं, आपणच काय काय लिहिलंय. वहीत लिहिलं होतं, मंजिरी. येत नव्हती. वहीत लिहिलं होतं, शेवटी कोरसमधल्या दोन बाया वर जातात. त्या जात नव्हत्या. पेटी यायची, पण तिची उजवीकडची टोकं यायची नाहीत. कान रेकॉर्डला चिकटेल इतका मी वाकायचो. एकदा सुईचा दांडा गालाला लागून रेकॉर्डवर आडवा ओरखडा पडला. मुली बाहेर अंगणात जाऊन बसायच्या. एका संध्याकाळी बायकोनं वायर उपटून काढली आणि मशीनवर गोधडी टाकली. मी तिच्यावर हात उगारला. मारलं नाही, पण उगारला, आणि ते मुलींनी पाहिलं.

त्यानंतर मी आठ-दहा दिवस रेकॉर्डीला हात लावला नाही. मग कार्डं आणली. गुरुजी आपल्या अंगावर घेतो म्हणाले होते ते मला नको होतं. ज्यांना ज्यांना आधी लिहिलं होतं त्या सगळ्यांना लिहिलं: दुसरं मुद्रण नाही. घुंगुरमाळ आहे. मला ऐकू येत नाही. कोऱ्या जागेबद्दल मी जे लिहिलं ते खोडून टाकावं. वही आजपासून आप्पांकडे राहील. त्यापलीकडे काही सुचलं नाही.

वही देताना आप्पा म्हणाले, तू येत राहा. मी दोनदा गेलो. लोक माझ्यासमोर वाद्यांची नावं घ्यायला कचरायला लागले. कुणी नवी रेकॉर्ड लावली की आधी माझ्याकडे बघायचे. मग मी जायचं थांबवलं. रेकॉर्डी हळूहळू त्यांच्याकडे पोचवल्या. आप्पांनी त्या जपून ठेवल्या, यादी पुढे चालू ठेवली, ती त्यांच्या हातून माझ्याहून नीट झाली.

माझ्या दुसऱ्या कार्डाला फारशी उत्तरं आली नाहीत. काय लिहिणार कुणी. नागपूरच्यानं दोन ओळी लिहिल्या, काळजी घ्या म्हणून. उन्हाळ्यात मालेगावहून एक कार्ड आलं. तो माणूसही साच्यावरचाच, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. त्याच्या यादीत बारीक खुणांचा सुकाळ असायचा, कुठे टाळ वाजला, कुठे बांगडी किणकिणली. त्याच्याशी माझं कधी फार जमलं नव्हतं, कारण तो माझ्या चुका काढायचा. त्यानं लिहिलं होतं की गेली सहा वर्षं तो त्या खुणा त्याच्या सुनेला विचारून भरतो आहे. घरात सुनेशिवाय कुणाला माहीत नाही. खाली विचारलं होतं, तुम्हाला कोरसमधल्या बाया येतात का?

ते कार्ड मी महिनाभर खिशात घालून खात्यात नेत होतो. शेवटी उत्तर लिहिलं. नाही येत, लिहिलं, आणि मग जे जे येत नव्हतं ते सगळं लिहीत गेलो. एका कार्डावर मावेना म्हणून दुसरं घेतलं. खात्याच्या वाटेवर उधन्याच्या पोस्टाच्या पेटीत दोन्ही टाकली तेव्हा पाळीला अर्धा तास उरला होता. मी चालतच खात्याकडे निघालो.