दादाचं ऑटोमॅटिक घड्याळ

माझ्या मोठ्या जाऊबाईंना, जयवंतीबाईंना, गोखिवऱ्यात सगळे गरीब गाय समजतात. समजोत बापडे! सूड कसा उगवायचा ते मी त्यांच्याकडून शिकले, आणि तोही माझ्याच नवऱ्यावर.

त्यांचे यजमान, म्हणजे माझे मोठे दीर शत्रुघ्नभाऊ, कामणच्या गोदामात माल चढवायचे. हौसेनं त्यांनी एक ऑटोमॅटिक घड्याळ घेतलं होतं. त्याला सेल नसतो; हात हलला की आपोआप चावी बसते, नाहीतर हातानं द्यावी लागते. त्यांचा हात दिवसभर हलायचाच. ते अंथरुणाला खिळले तेव्हा मात्र जाऊबाई रोज सकाळी घड्याळ मनगटावरून काढायच्या, सुक्या फडक्यानं पुसायच्या, हलक्या हातानं चावी द्यायच्या नि परत बांधायच्या. मी शेजारी बसून बघायचे. भाऊ गेले त्या दिवशीही घड्याळ चालूच होतं.

तेराव्याला पाहुण्यांदेखत आमच्या ह्यांनी, सदानंदरावांनी, ते उचललं नि स्वतःच्या हातात घातलं. वर म्हणाले, "बाईमाणसाला एवढं मोठं घड्याळ काय करायचंय?" मला अशी तिडीक आली! सख्खा भाऊ आजारी असताना कधी फिरकले नाहीत, आणि घड्याळाला पहिला हात ह्यांचा.

आमचे हे प्लॉटची दलाली करतात. दिवसभर खुर्चीत बसून फोन. घड्याळ फक्त लग्नाकार्यात मिरवायला, एरवी कपाटात. मग ते थांबणार नाही तर काय! ह्यांना वाटलं, बिघडलं. हातात घालून स्कूटरवरून तुळिंजला घड्याळ-दुरुस्तीवाल्याकडे निघाले. आपल्या रस्त्यांचे खड्डे काय वर्णावे, दुकानात पोचेपर्यंत घड्याळ चालू! दुकानदार म्हणाला, "इसमें कुछ प्रॉब्लेम नहीं है." घरी आणून कपाटात ठेवलं, पुन्हा थांबलं. भाचीच्या हळदीत हे मनसोक्त नाचले, तर छान चाललं. घरी आणलं, दोन दिवसांत बंद. मला कारण ठाऊक होतं. पण मी कशाला तोंड उघडू?

शेवटी हे जाऊबाईंकडे गेले. "वहिनी, हे माझ्याच घरात का थांबतं?"

जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या घरात त्यांना करमत नसेल, भावजी."

बाई गं! माणूस पांढराफटक पडला. घास गिळेना, कपाटाकडे पाठ करायलाही घाबरू लागले. घड्याळ देवापुढे ठेवलं, अंगारा लावला, तिथेही बंदच. "परत घ्या" म्हणून गेले, तर जाऊबाई हात लावायला तयार नाहीत. "ज्यांच्यादेखत नेलंत, त्यांच्यादेखत आणा."

वर्षश्राद्धाला तेच पाहुणे जमले होते. हे उभे राहिले, घामाघूम. "मी दादाचं घड्याळ वहिनींकडून हिसकावलं. चुकलं माझं," म्हणाले नि त्यांच्या पाया पडले. जाऊबाई घड्याळ घेऊन आत गेल्या, चावी दिली नि मनगटावर बांधूनच बाहेर आल्या. काटा फिरताना बघून ह्यांनी हात जोडले. "दादा शांत झाला ना, वहिनी?"

"मला काय ठाऊक?" म्हणाल्या नि वाढायला लागल्या.

पाहुणे गेल्यावर मला राहवलं नाही. "जाऊबाई, आता तरी ह्यांना खरं सांगूया का? धड झोपतसुद्धा नाहीत हो."

"माझं एक वर्ष गेलं," त्या म्हणाल्या. "त्यांचंही जाऊ दे."