समू पुण्याला राहायला आली

लेकराला पाठ दाखवून निघू न्हाई, असं आमच्या आईचं म्हणणं. म्हणून मी अंबडहून पुण्याला निघाले त्या दिवशी मिलिंदनं, म्हणजे माझ्या भावानं, समूला कडेवर घेतलं अन् बोरं दाखवायला कोपऱ्यावरच्या गाड्यापाशी नेलं. माझी लेक तेव्हा दीडेक वर्षाची होती. आई म्हणाली, "जल्दी कर, ती यायच्या आत बस रिक्षात." बसले. रिक्षा गेली ती बराबर त्याच कोपऱ्यावरून. समूनं मला टाटा केला. मिलिंदनं तोंड फिरवलं. तसं तिनं मला ओळखून केला असं काही न्हाई, तेव्हा ती म्हशीला, ट्रॅक्टरला, दिसंल त्याला टाटा करायची.

पोरींनो, ग्रुपवर तुम्ही कवापासून विचारून राह्यल्या, ही बया जिवंत हाय का न्हाई म्हणून. घ्या, एकदाच सगळं सांगते. जालन्यात मस्तगडच्या त्या खोलीत आपण पाच जणी राहायचो, आरसा एक अन् भांडणं पन्नास. लॅबचा कोर्स केला अन् पांगलो. कुणी जालन्यातच राह्यली, कुणी सुरतला, कुणी हैदराबादला गेली. मी पुण्याला.

नोकरी तीच, रक्त काढायची. माझा हात हलका म्हणून लहान लेकरं माझ्याकडंच पाठवतेत. "मुंगी चावंल बाळा, झालं बघ," मी म्हणते. लेकरू बोंबलतं, त्याची आई डोळे पुसती, मी ट्यूबवर नाव घालते. पहिल्या वर्षी घरी येऊन मी पण रडायचे. आता न्हाई. आता बिलकुल काही होत न्हाई, खरं सांगते. कुणी विचारलं कशी हाईस, तर मजेत म्हणते, अन् खोटं बोलल्यासारखं पण वाटत न्हाई.

घर चिखलीत, वन बीएचके, चौथा मजला. लिफ्ट हाय, तिच्या मनात असंल तर चालती. समूचे पप्पा चाकणला कंपनीत. त्यांची शिफ्ट बदलती, माझी ड्युटी पहाटेची, त्यामुळं आमचा संसार बराचसा जिन्यात झाला. ते वर येणार, मी खाली जाणार, मधल्या वळणावर किल्ली द्यायची. पाळणाघर उघडायच्या आत माझी पाच-सहा सॅम्पलं व्हायची. तेव्हा लेकरू ठेवणार कुठं? आईकडं.

छंद विचारला हाय एकीनं. हसू नका. मी भीमगीतं म्हणायला लागले की मस्तगडला खालचे दुकानदार रेडिओ बंद करायचे, आठवतंय ना? आता माझा छंद म्हणजे मोबाईलवर दुसऱ्या बायांचे फ्रिज बघणं. कोथिंबीर एका डब्यात, मिरच्या दुसऱ्यात, झाकणं सगळी एका रंगाची. अर्धा-अर्धा तास बघते. काय बघितलं ते नंतर सांगता येत न्हाई.

समू आजोळीच वाढली. मिलिंद मला ताई म्हणतो, म्हणून ती पण ताईच म्हणती. माझ्या आईला आई. आपल्याकडं हे घरोघरी हाय, लेकरू मामाच्या तोंडचं उचलतं, म्हणून मी काही मनावर घेतलं न्हाई. यंदा पहिलीला घालायची होती अन् मला पण दिवसाची ड्युटी मिळाली, म्हणून जूनमधी तिला आणली. आई म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघ. न्हाई रमली तर आणून सोड. इथं काय जागा कमी हाय का?"

आता रमली का न्हाई हे कळावं कसं? पोरगी एवढी शहाणी वागली की मला भ्यावच वाटलं. उठली की चादरीची घडी. "ताई, पाणी घेऊ का?" एक पोळी खाल्ली की, "बास ताई, पोट भरलं." पप्पांनी चॉकलेट आणलं तर आधी माझ्या तोंडाकडं बघायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, "काय गुणी पोरगी! याला म्हणतात संस्कार." संस्कार तर होतेच. लोकांच्या घरी मागून खाऊ न्हाई, पोट भरलं म्हणावं, हे आईनं मला जसं शिकवलं तसंच तिला शिकवलेलं. ती ते बराबर पाळून राह्यली होती, माझ्या घरात.

एकदा पण रडली न्हाई. रडली असती तर बरं झालं असतं, रडणाऱ्या लेकराचं मला जमतं.

मंग एक दिवस शाळेतल्या बाईंनी फोन केला. म्हणाल्या, "डबा जरा जास्त देत जा. समू मैत्रिणीच्या डब्यातलं मागून खाते." शाळेत मागती अन् घरी पोट भरलं म्हणती!  पण लॅबबाहेर माणसं उपाशीपोटी बसलेली, बाही वर करून. मी पुढचं नाव पुकारलं.

दिवाळीच्या सुट्टीत अंबडला गेलो. माझं ठरलं होतं, तिला तिथंच ठेवायची. तिची वह्या-पुस्तकं पण सोबत घेतल्ती. रिक्षा थांबली अन् पोरगी बदलली. एक चप्पल दारात, एक अंगणात. "आई, भूक लागली, भाकर दे!" म्हणून असली आरोळी ठोकली की मिलिंद दचकला. मंग त्याच्याशी भांडली, त्याचा मोबाईल हिसकला, आईच्या मांडीवर आडवी पडली. मी पिशव्या घेऊन उभीच.

जेवायला ज्वारीची भाकर अन् भरली वांगी. मी एक भाकर खाल्ली अन् म्हणलं, "बास." समूच्या तोंडात घास होता. तिनं भाकरीचं टोपलं माझ्याकडं सरकवलं अन् अगदी आईच्या आवाजात म्हणाली, "लाजू नको ताई, घे अजून. आपलंच घर समज."

मिलिंद ठसका लागस्तोवर हसला. मी पण हसले. आई पण हसत होती, मंग माझ्या ताटाकडं बघून थांबली. म्हणाली, "खरंच गं, तू कवापासून एकच भाकर खाऊन राह्यली?"

 ज्या घरात मी पाटावर बसून टोपलं रिकामं करायचे, त्या घरात मी बास म्हणायला कधी लागले, आठवंना.

निघायच्या दिवशी आईनं विचारलं, "मंग? ठेवतीस का नेतीस?"

"नेते," म्हणलं. माझं मलाच नवल वाटलं. एवढंच कळलं होतं की ही पुण्यात पाहुणी अन् मी दोन्हीकडं पाहुणी, अन् हे असंच चाललं तर जन्म असाच जाईल. या वेळी कुणाला बोरं दाखवायला नेलं न्हाई. समूच्या देखत निघालो. स्टँडवर ती आईचा पदर सोडंना, अख्ख्या गाडीनं ऐकलं एवढी रडली. मी म्हणलं, रड बाई.

पुण्यात आल्यावर मीच मागायला लागले. "समू, तुझ्या ताटातला एक घास दे." "समू, माझं डोकं दुखून राह्यलं, चेप जरा." आधी ती बावचळली, पण देत गेली. लगेच, न कुरकुरता, पाहुण्यासारखी. ते बघून मला वाटायचं, चुकलंच आपलं, सोडायला पायजे होती.

परवा ड्युटीवरून आले तर दार उघडंच. पप्पा आत घोरत होते. समूनं न विचारता ओट्यावरचे सगळे डबे खाली काढलेले, त्यांची एसटी केलेली, तूरडाळ फरशीभर. मी भिंतीला टेकून खाली बसले, म्हणलं, "समू, पाणी दे गं."

"तुझं तू घे की ताई! मी खेळून राह्यले ना."

उठले. डाळ चुकवत ओट्यापर्यंत गेले, माझं मी पाणी घेतलं, उभ्यानंच प्याले. बरं वाटलं. लई दिवसांनी काहीतरी वाटलं. तुम्ही विचारता, पुण्यात घर झालं का म्हणून. झालं, परवा झालं. पाहुणी असती तर उठून पाणी दिलं असतं. हिनं मान पण वर केली न्हाई.