एका घरात एकच बोअर

व्हर्लिन हॉफस्टॅड गेल्या मंगळवारी गेला. सकाळी कुत्रीला खायला घालताना गोठ्याच्या दारात टेकला, तो उठलाच नाही. चर्चमध्ये त्याच्याबद्दल कुणाला फारसं बोलता आलं नाही. जन्म त्याच शेतावर. मका, गहू, थोडी ज्वारी. बायको लवकर वारली, एक मुलगी. मोठं असं त्याने काय केलं, कुणाला आठवेना.

मागच्या ऑक्टोबरात त्याने एक गोष्ट केली.

त्याच्या घरात बंदुका फक्त बारा बोअरच्या असत. बोअर म्हणजे नळीचं माप; आकडा मोठा, तेवढी नळी बारीक. दुसरं माप उंबऱ्याच्या आत यायचं नाही. फेझंट पक्ष्यांच्या शिकारीला पाहुणा वीस बोअर घेऊन आला, तर ती गाडीतच राहायची आणि व्हर्लिन पाहुण्याचे खिसे स्वतः चाचपायचा. लोक हसायचे. पण यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

ते कारण म्हणजे डेल्मर, त्याचा थोरला भाऊ. दोघे तरुण असताना घरात दोन्ही मापांच्या बंदुका होत्या आणि शिकारीचा कोट एकच. एका गारठलेल्या सकाळी डेल्मरने कोटाच्या खिशातलं काडतूस बारामध्ये घातलं. ते वीसचं होतं. बारीक असल्यामुळे नळीत पुढे सरकलं आणि अडकलं. चाप ओढला, नुसता खट् आवाज झाला. त्याला वाटलं, भरायचंच राहिलं. मागून त्याने बाराचं घातलं. नळी फुटली. डावा हात मनगटापासून गेला.

मागच्या उन्हाळ्यात रेनेच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. ती व्हर्लिनची मुलगी, शेती त्याच्याबरोबरच करायची. बाप-लेक एरवी कामापुरतं बोलत. बाकीचं बोलणं व्हायचं ते शिकारीला, कुत्रीमागे शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालताना. वर्षभराचं तेवढ्यात उरकायचं.

सप्टेंबरात तिने बारातून हलकी काडतुसं उडवून पाहिली. दोन बार झाले आणि ती बंदूक उघडून गवतात बसली. बराच वेळ उठली नाही.

जेवताना म्हणाली, "बाबा, बाराचा धक्का खांद्याला सोसत नाही. मला वीस घ्यावी लागेल."

"या घरात नाही."

"आता वीसची काडतुसं पिवळीधमक असतात. आंधळ्यालाही कळतील."

"खिशात हात घातल्यावर कोण बघतं? बोटांना डोळे नसतात."

डेल्मर जेवायला आला होता. "बोटांचं मला विचारा," तो म्हणाला. "माझ्याकडे पाचच उरलीत, पण आहेत शहाणी."

रेने हसली नाही. "ठीक आहे. यंदा तुम्ही दोघं जा. मी घरी सूप करते."

"तुला सूप जमत नाही."

"म्हणूनच करणार आहे, काका."

ती उठून गेली. त्यानंतर गोठ्यात, ट्रॅक्टरवर, जेवताना, कुठेच ती शिकारीचा विषय काढेना. व्हर्लिनला हे भांडणापेक्षा वाईट वाटलं. आपल्या बंदुका डेल्मरकडे ठेवाव्यात, असं त्याच्या मनात आलं. पण शेतात दोन्ही मापं शेजारीशेजारीच येणार. गाडीच्या एकाच सीटवर, एकाच डब्यात.

हंगामाच्या आदल्या आठवड्यात त्याने भिंतीवरच्या दोन्ही बंदुका काढल्या आणि गावातल्या दुकानात नेल्या. त्यातली एक वडिलांची. दस्ता गालाच्या जागी झिजून गुळगुळीत झालेला. त्या बंदुकीने त्याचा नेम क्वचितच चुकायचा.

दुकानदार म्हणाला, "ही देऊ नकोस, व्हर्लिन. पोरीला एक वीस घे आणि ही ठेव."

"या दोन्हींच्या बदल्यात दोन वीस दे. एकीचा दस्ता आखूड हवा. तिचे हात लहान आहेत."

घरी रेनेने आधी टेबलाकडे पाहिलं, मग रिकाम्या खुंट्यांकडे.

"आजोबांची?"

"दिली."

"बाबा, वीसने तुम्हाला काही मारता यायचं नाही."

"ठाऊक आहे."

तसंच झालं. पहिल्या शनिवारी ज्वारीतून पहिला नर फेझंट उठला आणि व्हर्लिनने घाई केली. हलकी नळी पक्ष्याच्या पुढे निघून गेली. शेताच्या टोकाला पक्षी अडवायला उभा असलेला डेल्मर ओरडला, "टोपी काढून निरोप तरी द्यायचास त्याला!"

दुसरा नर रेनेच्या बाजूने उठला. तिने तो पाडला. व्हर्लिन पक्ष्याकडे पाहत नव्हता, तिच्या खांद्याकडे पाहत होता.

"दुखतंय?"

"नाही."

कुत्रीने पक्षी आणून दिला. दोघं पुढे चालू लागले. थोड्या वेळाने रेने म्हणाली, "काकांच्या हाताचं तुम्ही कधी नीट सांगितलं नाहीत."

"सांगितलंय की."

"काय झालं ते सांगितलंत."

 ज्वारीची पानं पायांना घासत होती.

"आदल्या दिवशी तो कोट मी घातला होता," तो म्हणाला. "वीस घेऊन मी गेलो होतो. परत आल्यावर खिसा रिकामा केला नाही. डेल्मरने मला कधीच काही विचारलं नाही."

रेनेने फक्त चाल हळू केली. पलीकडच्या टोकाला डेल्मर पाय आपटत, एक हात काखेत दाबून, त्यांची वाट पाहत उभा होता.