जावयाच्या हातचा खवा

निष्काळजीपणाच्या दाव्यांचा वकील म्हणून भूममध्ये माझं नाव बरं आहे. सासुरवाडीला कसं आहे, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

सासऱ्यांची खव्याची भट्टी आहे. त्या दिवशी कढईत दूध आटत होतं. दुसऱ्या दिवशी मेहुणीचा साखरपुडा, आणि पेढे घरच्याच खव्याचे, हा सासऱ्यांचा हट्ट! (भट्टीवाल्याच्या घरी बाहेरच्या खव्याचे पेढे, म्हणजे नाकच कापलं की!)

तेवढ्यात मंडपवाला आला. सासरे उठणार, तोच मी पुढे होऊन त्यांच्या हातातलं उलथनं घेतलं.

"जावयाला काम सांगत नसत्यात, बापू," ते कळवळून म्हणाले.

"तुम्ही सांगताय कुठं, मामा? मीच घेतोय!"

"बरं. निस्तं हलवत ऱ्हावा. बुडाला लागू देऊ नका."

दुपार कलत होती. दूध संथपणे घट्ट होत होतं, गोडसर वाफ अंगावरून जात होती. बाहेर लिंबाखाली म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती, आणि मी माझ्या पुढच्या युक्तिवादाचा. एरवी आपण हलगर्जीपणा म्हणतो, तो नुसतं लक्ष नसण्याला. कायद्याला तेवढं पुरत नाही. आधी काळजी घेण्याचं कर्तव्य हवं, मग ते मोडायला हवं, आणि त्यापायी कुणाचं तरी नुकसान व्हायला हवं. काय सुंदर मांडणी! वाफेत न्यायाधीश चक्क मान डोलवत होते. मीही रंगात येऊन हात उंचावला. (उलथन्याचा!) आणि तो बराच वेळ तसाच राहिला.

"अवो! कशाचा वास सुटलाय?" बायको धावत आली.

कढईच्या बुडाला काळा थर. मागोमाग सासरे आले, मेहुणी आली आणि कढई बघून रडायलाच लागली. मला फार वाईट वाटलं. पण वकिलीची सवय! तोंड आपोआप उघडलं.

"मामा, कायद्यानं हा निष्काळजीपणा होतच नाही. जावयाला काम नसतं, म्हणजे माझं कर्तव्यच नव्हतं!"

"मग उलथनं हातात घेतलं कशाला?"

(आपण होऊन जबाबदारी उचलली की कर्तव्य आलंच. हा मुद्दा कोर्टात मीच घसा ताणून मांडतो!)

आता शेवटचं हत्यार. "मग चूक दोघांची, मामा! माझी तंद्री लागते हे ठाऊक असून तुम्ही कढई सोपवलीत. हा तुमचाही निष्काळजीपणा!"

सासऱ्यांनी कढई भट्टीवरून खाली उतरवली.

"व्हय," ते म्हणाले, "माझाबी हाय. पर आजचा न्हाय. पोरगी दिली तवाचा!"

रडता रडता मेहुणी फिस्सकन हसली. शेजारच्या भट्टीवरून खवा आला, पेढे झाले, साखरपुडाही पार पडला.

इतके दावे लढलो, पण समोरच्यानं एवढ्या झटक्यात स्वतःची चूक कबूल केल्याचं कधी पाहिलं नव्हतं. पुरावाही शोधावा लागला नाही. तो हातात उलथनं घेऊन तिथंच उभा होता!