वीणेचा गजर आणि अडकलेली फाईल

शुक्रवारी दुपारी शाळेच्या ऑफिसात मी दाखले लिहीत असताना बाबांचा मसुऱ्याहून फोन आला. फाईल आपल्याला लिहू देत नाही, म्हणाले. अक्षर दाबलं तरी उमटत नाही, वर काहीतरी पिवळी पट्टी आली आहे, तिच्यात ‘फक्त वाचण्यासाठी’ असं लिहिलंय. मी म्हटलं, मग वाचा. ही माझी सवयच आहे, कामात असले की मी तिरकं बोलते. बाबांनी फोन ठेवून दिला.

ती फाईल साधी नव्हती. माझे आजोबा भजनीबुवा होते. पंचक्रोशीत नाव होतं. त्यांनी स्वतः रचलेले अभंग आणि गजर एका वहीत होते, आणि ती वही माळ्यावरच्या पेटीत वाळवीने खाल्ली. उरलं ते दोन डोक्यांत. बाबांना शब्द पाठ, पण चाल विचारली की ते खोकायला लागतात. काकांना, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाला, चाल आणि कुठे थांबायचं कुठे उचलायचं ते सगळं येतं, पण कडव्यांची सरमिसळ होते. दोघांना एकत्र बसवलं असतं तर आठवड्याभरात काम झालं असतं. पण दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बाबा बहात्तरचे, काका अडुसष्टचे. गजर गेले तर यांच्याबरोबरच जाणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

भांडण वीणेवरून झालं होतं. आमच्या देवळात सप्ताह असतो. सात दिवस नाम थांबवायचं नाही, वाडीवाडीचे पहारे लागतात, आणि ज्याच्या गळ्यात वीणा असेल त्याने पुढचा माणूस येऊन ती आपल्या गळ्यात घेईपर्यंत खाली ठेवायची नाही. त्या वर्षी पहाटेच्या पहाऱ्याला काकांकडे वीणा होती आणि त्यांच्यामागून बाबा घेणार होते. बाबा आले तेव्हा वीणा खुंटीला लटकलेली आणि काका घरी गेलेले. बाबांनी सगळ्या गावासमोर त्यांना नाही नाही ते सुनावलं. बुवांच्या मुलाने वीणा खाली ठेवली, याहून मोठा गुन्हा त्यांच्या लेखी नव्हता. काकांनी उलट उत्तर दिलं नाही. कट्टा गावातल्या आपल्या दुकानात बसायला लागले आणि मसुऱ्याला यायचे बंद झाले.

मग गेल्या वर्षी मी एक उद्योग केला. दोघांच्याही घरी मुलांनी वापरून टाकलेले लॅपटॉप पडून होते. त्यांवर मी एक सामाईक फोल्डर करून दिला आणि त्यात एकच फाईल ठेवली. बाबांना सांगितलं, तुम्ही शब्द लिहा. काकांना सांगितलं, तुम्ही चालीच्या खुणा करा. एकमेकांशी बोलायची गरज नाही म्हटल्यावर दोघंही तयार झाले, आणि एकेका बोटाने लिहू लागले. बाबा सकाळी लिहायचे, काका दुपारी दुकान बंद करून. बाबांनी लिहिलेला शब्द काका बदलायचे, दुसऱ्या दिवशी बाबा तो पूर्ववत करायचे. एका शब्दावर अशी तीन आठवडे रस्सीखेच चालली होती. मी रोज संध्याकाळी मालवणात बसून मोबाईलवर ती फाईल उघडायची आणि एकटीच हसायची. अकरा वर्षांनी का होईना, दोघं भांडत तरी होते.

त्यामुळे शुक्रवारचा फोन मी नंतर मनावर घेतला. संध्याकाळी बाबांना फोन करून एकेक उपाय सांगितला. पट्टीवर ‘संपादन सुरू करा’ असं बटण दिसतं का? नाही. फाईलवर उजवं बटण दाबून गुणधर्म उघडा, तिथे ‘फक्त वाचनासाठी’च्या चौकोनात खूण आहे का? नाही. डिस्क भरली आहे का? बाबांनी मला विचारलं, डिस्क म्हणजे नेमकी कुठची? शेवटी मी म्हटलं, दुसऱ्या नावाने साठवा आणि त्यात लिहा. त्यावर ते भडकले. एकाचे दोन करून एकदा बघितले आहेत, परत नको, म्हणाले. तेव्हा मला तो हट्ट वाटला.

रविवारी सकाळी मी स्कूटर काढून मसुऱ्याला गेले. बाबा लॅपटॉपसमोर चष्मा कपाळावर ढकलून बसले होते. आईने घावणे पुढे ठेवले, पण बाबा मला खाऊ देईनात. मी फाईल बंद करून पुन्हा उघडली. या वेळी पट्टीच्या आधी एक चौकट आली. बाबांनी ती आदल्या दोन्ही दिवशी न वाचताच घालवून दिली असणार. चौकटीत लिहिलं होतं की ही फाईल दुसऱ्या वापरकर्त्याने संपादनासाठी उघडलेली आहे, आणि खाली काकांचं पूर्ण नाव.

“बघ, त्याचा नाव इला,” बाबा म्हणाले. “मुद्दाम अडवून ठेवल्यान.”

मी समजावलं. एकाने फाईल उघडली की तिच्याशेजारी एक छोटी लपलेली फाईल तयार होते, तिच्यात उघडणाऱ्याचं नाव असतं. त्याने बंद केली की ती आपोआप जाते. तोपर्यंत दुसऱ्याला नुसतं वाचता येतं, म्हणजे दोघांचं लिखाण एकमेकांवर पडून नासू नये. काका बंद करायला विसरले असतील, एवढंच. बाबा म्हणाले, तो विसरणाऱ्यातला नाही.

ती लपलेली फाईल मी शोधून काढली. ती पुसली असती तर बाबांना तत्क्षणी लिहिता आलं असतं. बोट बटणावर होतं माझं. पण काकांनी तिकडे काही लिहून साठवलं नसेल तर ते जाईल, किंवा एकाच फाईलच्या दोन आवृत्त्या होऊन बसतील, हे मला ठाऊक होतं. मग मी अंगणात जाऊन काकांना फोन लावला आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं, फाईल उघडी का ठेवली आहे?

तिकडे मागून काकी बोलत होती की चार दिवस हे यंत्र चालू आहे, लाईट गेली की हे घाबरे होतात, कुणाला हात लावू देत नाहीत. मग काका म्हणाले,

“मी ठेवूक नाय गो. तो घेयपर्यंत मी खाली कशी ठेवू? एकदा ठेवलंय, तेवढा पुरे झाला.”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं की गेले चार दिवस ते शेवटच्या गजरावर आहेत. वीणा देता-घेताना म्हणायचा म्हणून आजोबांनी मुद्दाम रचलेला तो गजर. देणाऱ्याचं अर्धं काकांनी लिहून ठेवलं होतं, घेणाऱ्याचं अर्धं बाबांना येतं. अर्ध्यावर फाईल मिटून उठायचं त्यांच्या जिवावर आलं. बाबांची अक्षरं पुढे उमटली की मग आपण बंद करायची, असा त्यांचा हिशेब. चार दिवस ते त्या पडद्याकडे बघत बसले होते.

मला त्या अंगणात रडू आलं, आणि आपल्याच चढ्या आवाजाची लाजही वाटली. वीणेचा नियम फाईलला उलटा लागतो, हे मी या माणसाला कधी सांगितलंच नव्हतं. देणाऱ्याने खाली ठेवल्याशिवाय घेणाऱ्याला घेताच येत नाही.

मी हे काकांना फोनवर सांगू शकले असते. पण मी आत गेले, बाबांना काका काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं, आणि तोच चालू फोन स्पीकर लावून त्यांच्यापुढे धरला. बाबांनी तो घेतला नाही. चष्मा डोळ्यांवर आणला, परत कपाळावर नेला. आई चुलीपाशी हात पुसत उभी राहिली. मला वाटलं, गेलं सगळं. मग त्यांनी माझ्या हातातच असलेल्या फोनकडे वाकून तोंड नेलं.

“ऐक रे,” ते म्हणाले. “त्या दिवशी उशीर माकाच झालो. तू तापात तासभर उभो होतंस, ता माका म्हायत होता. आता ठेव ती खाली. मी घेतंय.”

अकरा वर्षांत ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. काकांना ताप होता, आणि बाबाच उशिरा पोचले होते. बाबांना ते त्याच दिवशी कळलं होतं. आईकडे बघितलं तर तीही माझ्याइतकीच थक्क झालेली.

पलीकडे कळ दाबल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, “बंद केलंय, दादा. घे.”

मी फाईल पुन्हा उघडली. चौकट आली नाही, पट्टी आली नाही. बाबांनी एका बोटाने घेणाऱ्याचं अर्धं लिहायला घेतलं, आणि तिसऱ्या ओळीला अडले. फोन चालूच होता. काकांनी चाल गुणगुणून दाखवली, तशी ओळ आली.

त्यानंतर रोज दोघांचा फोन होऊ लागला. काका ‘ठेवलंय’ म्हणत, बाबा ‘घेतलंय’ म्हणत, आणि मग अर्धा तास इतर गप्पा, आंबोळ्यांपासून गुडघेदुखीपर्यंत. दोघांनाही एकाच वेळी लिहिता येईल अशी सोय आता असते. मला ती पाच मिनिटांत करून देता आली असती. मी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

यंदाच्या सप्ताहाला पहाटेचा पहारा काकांनी मागून घेतला. कट्ट्याहून ते आदल्या दिवशीच आले, छापलेली भजनं पिशवीत घेऊन. त्यांच्यामागून वीणा बाबा घेणार होते, सहाला. आईने मला सांगितलं की ते पाचलाच अंघोळ करून देवळात जाऊन भावाच्या शेजारी उभे राहिले.