आदल्या दिवसाची फी

हातमोजा मी खांडेकर साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्याची मधली दोन बोटं कापली गेली होती.

"आणि हाताची?" साहेबांनी विचारलं.

"हाताची शाबूत आहेत, सर. हातमोजा एक नंबर मोठा होता. पुढची रिकामी टोकं तेवढी गेली."

साहेब खुर्चीत मागे टेकले. मी उभीच राहिले. बसावंसं वाटत नव्हतं.

मी उज्जैनला मक्सी रोडवरच्या एका कारखान्यात एचआर मॅनेजर आहे. आम्ही पत्र्याचे डबे आणि झाकणं बनवतो. खांडेकर साहेब मालक. हातमोजा होता कैलाशजींचा. आमच्या प्रेस शॉपमधले ते सगळ्यात जुने आणि सगळ्यात वेगवान ऑपरेटर. प्रेस म्हणजे पत्र्यावर जोरात आदळून एका फटक्यात झाकण कापणारं यंत्र. वरून येणारा तिचा भाग पत्र्यात आणि बोटात फरक करत नाही.

म्हणून प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. दोन्ही हात बटणांवर म्हणजे आत हात नाही, इतका साधा हिशोब. मग कैलाशजींचा डावा हात आत असताना प्रेस खाली आली कशी?

मेंटेनन्सवाल्यांनी प्रेस तपासली. एकदम ओके. कैलाशजींना विचारलं, तर "ध्यान चूक गया, मैडम." बाकीच्यांना विचारलं, तर त्यांचंही तेच. बारा प्रेस, दोन शिफ्ट, उत्तर एकच. मी फ्लोअरवर पाय ठेवला की कोणीतरी शिट्टी वाजवतं आणि तोवर सगळं शिस्तीत येतं, हे मला फार उशिरा कळलं. एवढी वर्षं मला वाटायचं, कोणाला तरी गाण्याची आवड आहे.

मला भीती वाटायला लागली होती. पुढच्या वेळी हातमोजा मापाचा असला तर?

सेफ्टी वीक तीन आठवड्यांवर होता. आमच्याकडे सेफ्टी वीक म्हणजे बॅनर, शपथ, घोषवाक्य स्पर्धा, साहेबांच्या हस्ते बक्षिसं आणि शेवटी बालुशाही. त्यातली फक्त बालुशाही लोकांच्या लक्षात राहते. या वेळी मी ठरवलं, बाहेरून वक्ता आणायचा. साधासुधा नाही, काळोखे.

दत्ता काळोखे पुण्याकडच्या एका कारखान्यात प्रेसच चालवायचे. डावा हात मनगटापासून गेला. आता कारखान्यांतून सेफ्टीवर बोलणं हा त्यांचा व्यवसाय आहे. व्यवसाय हा शब्द मुद्दाम लिहिते, कारण घोडं तिथेच अडतं. वक्ता म्हटलं की आपल्याकडे शाल, नारळ आणि पाकीट. पाकिटात किती हे देणारा ठरवतो आणि घेणारा घरी जाऊन बघतो. काळोख्यांनी मात्र रीतसर कोटेशन पाठवलं.

त्यात तीन ओळी होत्या. पहिली, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पूर्ण शिफ्ट शॉप फ्लोअरवर. सोबत एकही ऑफिसर नको, जेवण कामगारांच्या कँटीनमध्ये. दुसरी, भाषण, जास्तीत जास्त एक तास. तिसरी, महिन्याभराने एक फोन. प्रवास आणि मुक्काम वेगळा, निम्मे पैसे अॅडव्हान्स. खालचा एकूण आकडा माझ्या महिन्याच्या पगाराच्या आसपास होता. दोन्ही आकडे खाजगी आहेत, म्हणून इथे लिहीत नाही.

साहेबांनी कोटेशन वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचलं.

"टेंबे मॅडम, एका घंट्याचे इतके?"

"एका तासाचे नाहीत, सर."

"मग किती तास बोलणार हा माणूस? तो इंदूरचा मोटिव्हेशनवाला याच्या निम्म्यात येतो. वरून म्युझिक आणि धूर फ्री."

इंदूरवाल्यांना मी आधीच फोन केला होता. आदल्या दिवशी येऊन फ्लोअर बघाल का, एवढंच विचारलं होतं. "मैडम, मेरा कंटेंट रेडी रहता है," असं उत्तर आलं. टायरच्या दुकानातही तेच बोलतात आणि कॉलेजातही. हे मी साहेबांना सांगितलं. मग कागद घेऊन मांडून दाखवलं. येण्याचा एक दिवस, फ्लोअरचा एक, भाषणाचा एक, परतीचा एक. एका तासासाठी माणसाचे चार दिवस जातात आणि त्या चार दिवसांत त्याला दुसरं काम घेता येत नाही. शिवाय त्याला पगार नाही, पीएफ नाही, आणि प्रेसवर परत उभं राहणं तर नाहीच नाही.

साहेब हुशार माणूस. त्यांनी माझाच कागद पुढे ओढला आणि फ्लोअरच्या दिवसावर काट मारली.

"हा दिवस काढून टाका. त्याला म्हणा, त्या दिवशी महाकालचं दर्शन करवू. व्हीआयपी. आपल्या ओळखीचे पंडितजी आहेत. एकदम खूश होऊन जाईल. मग फी आपोआप कमी करेल."

बाहेरगावच्या वाचकांना हे विचित्र वाटेल, पण उज्जैनमध्ये ही आमची नेहमीची चाल आहे. कोणाशीही भाव करताना पैशांवर घोडं अडलं की आम्ही दर्शन काढतो. इंदूरचा कॅटरर असो, भोपाळचा ऑडिटर असो. मी स्वतःही हे केलेलं आहे, सॉफ्टवेअरवाल्याच्या बाबतीत. त्याने खरंच फी कमी केली आणि नंतर सॉफ्टवेअरही तसंच चाललं.

केबिनमध्ये येऊन मी काळोख्यांना फोन लावला. बोलताना माझीच मला लाज वाटत होती.

"दर्शन मी माझ्या वेळेत घेईन, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "पहिला दिवस काढायचा असेल तर भाषणही काढा. मी बोलू काय मग? माझा हात गेला, हे? ते त्यांना दिसतंच की."

फोन ठेवला. मी तशीच साहेबांकडे परत गेले.

"सर, या वर्षी सेफ्टी वीकचं बॅनर नको. बक्षिसं नकोत, बालुशाही नको, सुपरवायझरांचे टी-शर्ट नकोत. त्या पैशांत या दिवसाचा खर्च निघतो."

टी-शर्टवर पाठीमागे साहेबांची सही छापायची ठरली होती. त्यांचा चेहरा पडला.

"टी-शर्ट पण?"

"टी-शर्ट पण."

"आणि हे फ्लॉप झालं तर?"

"तर पुढच्या वर्षी तुम्ही म्हणाल त्याला आणू. धुरासकट."

साहेबांनी हातमोज्याकडे पाहिलं. तो अजून त्यांच्या टेबलावरच होता, कोणी उचलला नव्हता. मग त्यांनी सही केली.

काळोखे आले ते साध्या चौकड्याच्या शर्टात, पाठीला सॅक. डावी बाही मनगटाशी दुमडून टाचलेली. हेल्मेट, बूट घालून सकाळच्या शिफ्टबरोबर आत गेले आणि मी केबिनमध्ये अडकून पडले. ऑफिसर नको म्हणजे मीही नको. दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. मुद्दाम कान देऊन ऐकलं, शिट्टी एकदाही वाजली नाही. जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून दिसलं, काळोख्यांना कँटीनने दिलेल्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं आणि कैलाशजी ते उघडून देत होते. मग बाक जवळ सरकले. सुट्टी संपली तरी चार-पाच जण उठायला तयार नव्हते.

संध्याकाळी काळोखे चहाला माझ्याकडे आले.

"काही कळलं?"

"सगळं कळलं. नावं विचारू नका."

"नावं नकोत. निदान काय ते तर सांगा."

"उद्या सांगतो, सगळ्यांसमोर. साहेबांना पहिल्या रांगेत बसवा. आणि मला तुमच्याकडचा एक डबा द्या. मोठा, रिकामा."

डब्यांच्या कारखान्यात डब्याला तोटा नव्हता. तेवढी एकच गोष्ट त्या दिवशी माझ्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही शिफ्टचे लोक गोडाउनमध्ये बसवले. काळोखे हिंदीत बोलले, पुणेरी वळणाच्या हिंदीत. आवाज चढवला नाही, कोणाला रडवलं नाही. वीस मिनिटांत संपवलं. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं.

त्यांनी सांगितलं ते एवढंच. त्यांच्या प्रेसलाही दोन बटणं होती. दोन्ही हात बटणांवर ठेवून ठरलेला माल निघत नसे. माल निघाला नाही की इन्सेंटिव्ह बुडायचा. म्हणून त्यांनी पॅकिंगच्या फळीतून लाकडाची एक छोटी पाचर कापली आणि डाव्या बटणात ठोकली. आता बटण कायम दाबलेलं. उजव्या हाताने दुसरं बटण दाबायचं, डाव्याने पत्रा सरकवायचा. माल दीडपट. सगळे वाहवा करत होते.

"मेरा हाथ मशीन ने नहीं लिया," ते म्हणाले. "मैंने अपने हाथ से वो फच्चर बनाया था।"

मी कैलाशजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ऑफिसर आला की शिट्टी, शिट्टी झाली की पाचर खिशात, आणि मेंटेनन्सला प्रेस एकदम ओके.

काळोख्यांनी डबा उचलला, मागच्या दाराशी असलेल्या स्टुलावर ठेवला आणि परत पुढे आले.

"साहब, एक वादा चाहिए। आज इस डिब्बे में जो गिरेगा, उसके लिए किसी को नोटिस नहीं।"

साहेबांना हे आधी सांगितलेलं नव्हतं. मलाही नव्हतं. सगळं गोडाउन साहेबांकडे बघत होतं. मला वाटलं, संपलं. आता हे उठून केबिनमध्ये जाणार आणि मला मागून निरोप येणार. साहेब उठले. घसा साफ केला.

"नहीं मिलेगा। मेरी जबान है।"

"तो सब ऑफिसर लोग दीवार की तरफ मुंह कर लीजिए।"

आणि उज्जैनच्या त्या गोडाउनमध्ये एक मालक, एक प्रॉडक्शन मॅनेजर, चार सुपरवायझर आणि मी, असे सात जण शाळेत शिक्षा झाल्यासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. माझ्या नाकासमोर आग विझवायचा सिलिंडर होता. त्यावरच्या सूचना मी तीनदा वाचल्या. मागे काहीच होत नव्हतं. कोणीतरी खोकलं. साहेब माझ्याकडे न बघता पुटपुटले, "मॅडम, टी-शर्ट बरे होते."

मग आवाज आला. टण्.

नंतर परत शांतता. मग दुसरा, तिसरा, आणि मग पावलांचा आणि पत्र्याचा आवाज एकत्रच येत राहिला. मी भिंतीकडे तोंड करूनच हसत होते आणि डोळे पुसत होते. कोणी बघत नव्हतं, हे बरंच होतं.

वळलो तेव्हा डब्यात एकोणीस पाचरी होत्या. साहेबांनी स्वतः मोजल्या. प्रेस बारा आणि पाचरी एकोणीस, कारण प्रत्येक शिफ्टचा माणूस आपापली बाळगत होता. काही हात लागून लागून गुळगुळीत झाल्या होत्या. एकीवर लाल पेनाने ॐ काढलेला होता.

साहेबांनी ती पाचर उचलून हातात घेतली. मग त्यांनी कैलाशजींना जवळ बोलावलं.

"दोनों हाथ से, ईमानदारी से, एक शिफ्ट में कितना निकलता है?"

कैलाशजींनी आकडा सांगितला. आमचं टार्गेट त्याच्या बरंच वर होतं. ते साहेबांनीच वाढवलेलं होतं, आदल्या दिवाळीनंतर. त्याच आठवड्यात टार्गेट खाली आलं आणि इन्सेंटिव्ह नव्या आकड्यावर बसवला. बारा प्रेसची बटणंही बदलली. आताची नवी बटणं दर फटक्यानंतर दोन्ही सोडल्याशिवाय प्रेस परत खाली येतच नाही. एक दाबून ठेवलं तर ती ढिम्म हलत नाही. पाचरीचं काम कायमचं संपलं.

काळोखे भाषणाच्याच दिवशी संध्याकाळी परत निघाले होते. साहेबांनी स्वतः गाडी पुढे केली. "चला, दर्शन करवतो. पंडितजींना फोन केलाय, पाच मिनिटांत होऊन जाईल."

"नको साहेब, मी जनरल लाइनीत उभा राहतो," काळोखे म्हणाले. "लाइनीत लोक बोलतात."

महिन्याभराने त्यांचा फोन आला, कोटेशनमधल्या तिसऱ्या ओळीप्रमाणे, अगदी ठरल्या दिवशी. मी म्हटलं, थांबा, आणि फोन घेऊन फ्लोअरवर गेले. शिट्टी वाजली नाही. कैलाशजींची प्रेस थांबली, त्यांनी हातमोजे काढले, मापाचे होते, आणि फोन घेतला. काय बोलले ते यंत्रांच्या आवाजात ऐकू आलं नाही. पण बोलताना त्यांनी मोकळा हात पसरून बोटं हलवली, जणू पलीकडच्या माणसाला दिसणारच होती. मला तरी दिसली. पाचच्या पाच.

आता वक्त्याचं कोटेशन आलं की मी आधी खालचा आकडा बघत नाही. तो माणूस कार्यक्रमाआधी किती वेळ येणार आणि त्या वेळात कोणाजवळ बसणार, ते बघते. त्यावरून महाग की स्वस्त, ते ठरतं. म्युझिक आणि धुराचं मी विचारत नाही.

परवा साहेबांना देवासच्या एका कारखानदार मित्राचा फोन आला होता. मी समोरच बसले होते. टेबलावर कागदांवर वजन म्हणून ती ॐवाली पाचर ठेवलेली असते. पलीकडून काय विचारलं ते कळतच होतं.

"एका घंट्याचे?" साहेब म्हणाले. "अरे नाही, घंटा तर तो फुकट देतो. पैसे आदल्या दिवसाचे घेतो." थोडं ऐकून घेतलं आणि मग मान हलवली. "हां, आणि ऐक, त्याला दर्शनाचं काही बोलू नको. मी करून बघितलंय."